जोतीरामवर लिहिलेली गोष्ट

जोतीराम चौगलेवर मी हे दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा संपादकांनी आपण होऊन फोन केला होता, 'शेवट काय जमलाय हो!' म्हणाले होते. आजचं लिखाण कुणी मागितलेलं नाही. जोतीरामनं तर नाहीच.

मी दत्तोपंत. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आता दिवाळी अंकांत कथा लिहितो. वर्षाला दोन, फार तर तीन. पेठेत मला सगळे मास्तर म्हणतात. लेखक कुणी म्हणत नाही, आणि याचं मला पुष्कळ वर्षं वाईट वाटत आलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याच्या मुळाशी हा हावरेपणा आहे.

आमच्या पेठेत तालमीसमोर रोज पहाटे दूध कट्टा भरतो. इथं पिशवी नाही, कॅन नाही, म्हैसच दारात येते. गवळी म्हैस धरून उभा, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं, आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार पडते. पैलवान येतात, फिरायला निघालेली पेन्शनर मंडळी येतात, बाळंतिणीसाठी लोटा घेऊन सासवा येतात. पाणी घालायची सोयच नसल्यामुळं इथं गवळ्याची पारख एकाच गोष्टीवर होते. म्हैस पंढरपुरी, थोडं थोडं दूध देणारी. दर गिऱ्हाइकाला ती पुन्हा पान्हवावी लागते. ती कुणाला किती खुशीनं पान्हवते, त्यावर त्या गवळ्याची इज्जत.

जोतीरामची इज्जत मोठी होती. पंचगंगेपलीकडच्या वडणग्याहून तो पहाटे पाचाला म्हैस चालवत आणायचा. म्हैस म्हणजे चालतं-बोलतं धूड, शिंगं पाठीपर्यंत गेलेली, आणि नाव चिमणी. हे नाव कुणी ठेवलं विचारलं की म्हणायचा, "तिला इचारा की, मला काय इचारताय?" उंच, किडकिडीत माणूस. डावा कान मुडपून भाकरीच्या चतकोरासारखा झालेला, कारण तरुणपणी चार वर्षं कुस्ती केली होती. त्याच कुस्तीत उजव्या हाताचा अंगठा मोडला, तो पुन्हा वळला नाही. बाकीचे गवळी अंगठा मुडपून धार काढतात, त्यानं सडाला दुखतं. जोतीरामला ते जमतच नव्हतं, तो सगळ्या मुठीनं, सावकाश काढायचा. त्याआधी चिमणीच्या कुशीला कपाळ टेकवून तिच्याशी काहीतरी पुटपुटायचा. मिनिटभरात ती पाय सैल सोडायची.

पेला भरला की लगेच द्यायचा नाही. "थांबा पावणं, फेस बसू दे." फेस बसला की पेल्यातलं दूध बोटभर खाली जायचं, मग तेवढी धार पुन्हा काढून काठोकाठ भरून द्यायचा. घाईतली माणसं चिडायची. तो म्हणायचा, "फेस पिऊन ढेकर येतीय व्हय?"

मी रोज सकाळी तिथं एक पेला पीत असे आणि जोतीरामकडं बघत असे. आम्हा लिहिणाऱ्यांची ही खोड वाईट. समोरचा माणूस आपल्याशी मनातलं बोलत असतो आणि आम्ही त्याच्या कानाचं वर्णन जुळवत असतो.

तीन वर्षांपूर्वी चिमणीचं रेडकू गेलं, आठच दिवसांचं. रेडकू गेलं की म्हैस आटते, लाथा झाडते, हात लावू देत नाही. अशा वेळी बरेच जण मेडिकलमधून इंजेक्शन आणतात. टोचलं की पाच मिनिटांत दूध उतरतं, म्हशीची इच्छा असो वा नसो. त्याला बंदी आहे, पण मिळतं. जोतीरामनं काय केलं ते त्यानं मला तालमीच्या पायरीवर बसून सांगितलं होतं.

"रेडकू ज्या पोत्यावर निजायचं न्हवं, ते पोतं खांद्यावर घेतलं आणि बसलो तिच्याम्होरं. तीन दीस. जेवलो बी तितंच. आक्का म्हनली, येडं लागलं तुमास्नी." आक्का म्हणजे त्याची बायको, गावात सगळेच तिला आक्का म्हणतात. "चौथ्या दिशी माझा खांदा चाटला तिनं. मग बसलो धारंला."

आणि ते तीन दिवस तो रोज पहाटे चिमणीला घेऊन कट्ट्यावर येतच होता. दूध नव्हतं तरी. प्रत्येकाला सांगायचा, "आज म्हस द्यायला तयार न्हाय, माफ करा," आणि नऊ वाजता परत जाऊन पुन्हा तिच्यासमोर बसायचा. घरी का बसला नाहीस विचारलं, तर म्हणाला, "मानसं वाट बगत्यात की."

घरी येऊन मी लिहायला बसलो. माणसाचं नाव म्हादबा केलं. कान तोच, अंगठा तोच, फेस बसू देणं तेच, पोतं तेच. म्हशीचं नावसुद्धा चिमणीच ठेवलं, कारण त्याहून चांगलं मला सुचेना. सगळं झरझर उतरलं आणि शेवटाशी अडलं. म्हैस खांदा चाटते, माणूस धारेला बसतो, संपलं? याला कथा कोण म्हणेल? माझ्या मते त्याला टोक येत नव्हतं. म्हणून माझा म्हादबा तिसऱ्या संध्याकाळी कट्ट्यावरची गिऱ्हाइकं तुटतील या भीतीनं हरतो, लपून सुई आणतो आणि चिमणीला टोचतो. शेवटचं वाक्य होतं : 'दूध आलं, पान्हा आला नाही.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. आज ते वाक्य आठवलं की शरम वाटते.

नंदिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कच्चा खर्डा वाचला.

"शेवट खोटा आहे," ती म्हणाली.

"अगं, कथा आहे ती."

"मग कान कशाला खरा ठेवलात? अंगठा? म्हशीचं नाव? एवढं सगळं त्याचं घेतलंत आणि पाप तेवढं पदरचं घातलंत. त्याला दाखवा आधी."

मी तिला कलेवर एक छोटं व्याख्यान दिलं. ती उठून कुकर लावायला गेली. व्याख्यान मी पूर्ण केलं.

दिवाळीत अंक आला. मी तो जोतीरामला स्वतः नेऊन दिला, वर सही करून, 'प्रिय जोतीरामास'. चौथी शिकलेला माणूस, अक्षर लावत वाचणारा. त्यानं चिमणीचं नाव तेवढं शोधून काढलं आणि अंक उलटा करून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "चिमणे, छापून आलीस की गं!" मग कट्ट्यावरच्या प्रत्येकाला दाखवत सुटला, "मास्तरनी माझ्यावर लिवलंय." शेवटी अंक हंबीररावांच्या हातात गेला. हंबीरराव म्हणजे तालमीचे जुने वस्ताद. कट्ट्यावर त्यांचा शब्द शेवटचा. आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. ते म्हणाले, "थांबा, मी वाचतो, समद्यांनी ऐका."

आणि त्यांनी वाचलं. वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. कानाचं वर्णन आलं तेव्हा हशा पिकला. फेसाचं आलं तेव्हा टाळी पडली. पोत्याचं आलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. जोतीराम अर्धा भरलेला पेला हातात घेऊन लहान पोरासारखा लाजत उभा होता. शेवट जवळ येत चालला होता. मी हंबीररावांना थांबवू शकलो असतो, 'पुढचं घरी वाचा' म्हणालो असतो. थांबवलं नाही, कारण मिळत होती ती दाद मला सोडवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझी पेठ माझं लिखाण ऐकत होती.

सुईचा परिच्छेद हंबीररावांनी त्याच आवाजात वाचला. मग अंक मिटला. मग हातातला पेला न पिता कट्ट्यावर ठेवला.

"ह्ये कवा झालं, मास्तर?" जोतीरामनं मला विचारलं. रागानं नव्हे, त्याला खरंच कळलं नव्हतं.

"अरे जोतीराम, हे झालेलं नाही. कथा आहे ना. शेवट कल्पनेतला आहे."

"कान त्येचा," हंबीरराव बोटांवर मोजत म्हणाले, "अंगठा त्येचा, म्हस त्येची, बोलनं त्येचं. पोत्याचं मला त्येनंच सांगितलं हुतं, त्ये बी खरं. आनि सुई तेवढी तुमची व्हय?"

"हो, माझी."

"मास्तर, भल्या मानसाची बाजू घेताय, चांगलं हाय."

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पैलवान पलीकडच्या गवळ्याकडं उभे राहिले. आठवड्यानं त्या शेवटच्या पानाचा फोटो पेठेच्या ग्रुपवर आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'लहान मुलांना दूध देणाऱ्यांनी विचार करावा.' बाळंतिणीच्या सासवा लोटा घेऊन येईनाशा झाल्या. जोतीराम मात्र रोज येत होता. चिमणीच्या कुशीला कपाळ लावून उभा राहायचा, आणि समोर कुणी नसायचं. मी एकटा पेला पुढं करायचो. तो फेस बसू द्यायचा आणि पुन्हा भरायचा. म्हशीची कास भरलेली राहायची, ती अस्वस्थ होऊन पाय आपटायची. मग तो उरलेलं दूध बादलीत काढून परत न्यायचा.

पंधरा दिवसांनी आक्का आमच्या घरी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. पदराखालून अंक काढून नंदिनीच्या हातात दिला.

"ह्यो तुमचा तुमी ठेवा वैनी. घरात नगो आमाला. पोरीच्या सासरी बी ग्येलंय ह्ये. याही इचारतोय, चौगले आसलं करतोय व्हय म्हनून."

नंदिनीनं तिला आत ये म्हटलं, पाणी पुढं केलं. तिनं पाणी घेतलं नाही. आमच्या दारात आलेली बाई पाणी न घेता गेली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग मी काहीतरी करायचं ठरवलं, आणि माझ्यासारख्या माणसाला काय सुचणार? लिहायचंच सुचलं. गावातल्या एका दैनिकाला खुलासा पाठवला. भाषा अगदी नेटकी. 'माझ्या कथेतील म्हादबा हे पात्र आमच्या पेठेतील दूध विक्रेते श्री. जोतीराम चौगले, राहणार वडणगे, यांच्यावर बेतलेले असले, तरी त्यातील इंजेक्शनचा प्रसंग पूर्णतः काल्पनिक असून श्री. चौगले यांचा त्याच्याशी कोणताही संबंध नाही.' वर मथळा त्यांनी घातला : 'दुधाच्या इंजेक्शनप्रकरणी लेखकाचा खुलासा'.

तोपर्यंत ही गोष्ट चार गल्ल्यांना माहीत होती. त्या सकाळनंतर जिल्ह्याला माहीत झाली, नाव-गावासकट. ज्यांनी कथा वाचली नव्हती, वाचणारही नव्हते, त्यांनी मथळा वाचला. प्रकरण झालं होतं म्हणूनच खुलासा आला, एवढाच अर्थ लोकांनी काढला. चहाच्या गाडीवर एकानं मला विचारलंसुद्धा, "किती दिलं हो चौगल्यानं, ह्ये छापायला?"

जोतीराम त्या दिवशी कट्ट्यावर आला नाही. संध्याकाळी माझ्याकडं आला. बस म्हटलं तर उभाच राहिला.

"मास्तर, लिवन्यानं न्हाय मिटायचं ह्ये. आमच्यात एक रीत हाय. भंडारा उचलायचा. येत्या रविवारी बिरदेवाच्या देवळातनं ताट आनतो, कट्ट्यावर समद्यांम्होरं मी उचलतो, तुमी बी उचला. हंबीरराव कबूल झाल्यात. भंडारा उचलून कोन खोटं बोलत न्हाय, हे समद्यास्नी ठावं हाय. तेवढं करा, मग तुमचं माझं काय न्हाय."

मी देवधर्म फारसा मानत नाही. पण त्याला नाही म्हणायची माझी लायकी उरली नव्हती. हो म्हणालो.

रविवारी कट्ट्यावर माणसं जमली, दिवाळीत जमली होती त्याहून जास्त. जोतीरामनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. चिमणीला नदीवर घासूनपुसून आणलं होतं. पितळी ताटात देवाच्या हळदीचा पिवळाधमक भंडारा. आधी त्यानं मूठ भरून उचलली आणि मोडक्या अंगठ्याची ती मूठ कपाळाला लावून म्हणाला, "ह्या जनावराला मी सुई टोचली आसंल, तर माझा हात झडू दे." मग ताट माझ्यासमोर धरलं.

मी भंडारा उचलला. हंबीरराव म्हणाले, "म्हना मास्तर. जोतीरामनं म्हशीला कधी सुई टोचली न्हाय, मी लिवल्यालं खोटं हाय."

आणि तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस माझ्यात जागा झाला. मी लिहिलेलं खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. पण टोचली नाही, हे कशावरून ठाऊक होतं? जोतीरामच्या सांगण्यावरून. मी त्याच्या गोठ्यात कधी गेलो होतो? शपथ घ्यायची तर शब्द तोलून घ्यावा, जे पाहिलं तेवढंच बोलावं, असं काहीतरी डोक्यात आलं. मूठ वर धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मी लिहिलेलं काल्पनिक आहे. आणि माझ्या माहितीप्रमाणे जोतीरामनं कधी सुई टोचली नाही."

"माझ्या माहितीप्रमाने म्हंजे?" हंबीररावांनी तिथंच धरलं.

"म्हणजे... मी काही गोठ्यात नव्हतो. मला जे ठाऊक आहे त्यावरून..."

कुणीतरी मागून हसलं. हंबीरराव मान हलवत म्हणाले, "मास्तरांची बी खात्री न्हाय." आणि माणसं पांगायला लागली. मी घाईघाईनं ओरडलो, "नाही टोचली! अजिबात टोचली नाही!" पण ते आता कोण ऐकतो? मूठ माझी अजून बंद होती.

जोतीराम ताट धरून उभाच होता. मला म्हणाला, "मास्तर, तुमी सुई टोचल्यालं लिवलं, तवा गोठ्यात हुता व्हय?"

"नाही."

"मग तवा कसं लिवलं?"

त्यानं ताटातला भंडारा चिमणीच्या कपाळाला लावला, दावं हातात घेतलं आणि नदीच्या वाटेला लागला. त्यानंतर तो कट्ट्यावर आला नाही. महिन्याभरात चिमणी विकली, असं कानावर आलं. मिरजेकडच्या एका गोठेवाल्यानं घेतली होती.

नंदिनीनं मला दोष दिला नाही. ती फक्त एकदा म्हणाली, "लिहिताना एवढी काळजी घेतली असतीत तर." त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघत नाही. दूध आता पिशवीचं येतं.

मागच्या फेब्रुवारीत मी कागलला गेलो. जोतीराम तिथं पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहे, हे कळलं होतं. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. निळा गणवेश त्याला खांद्यावर मोठा होत होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, स्वतः फाटकाच्या दगडावर बसला. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानंच बोलायला सुरुवात केली.

"चिमणीचं कळलं न्हाय न्हवं तुमास्नी?"

"काय झालं?"

"नव्या मालकाला हात लावू दिना. तिला गोठ्याची सवय न्हाय, मानसात ऱ्हायाची सवय. त्येचा फोन आला, काय करू म्हनून. चार दीस येष्टीनं मिरजंला ग्येलो. कपाळ लावून हुबा ऱ्हायलो. माझ्या हाताला द्यायची, त्येच्या हाताला न्हाय. मी म्हनलं, दमानं घ्या, म्हैना लागंल. तिच्याम्होरं बसा, तिच्याशी बोला. त्यो म्हनला, चाळीस जनावरं हैत माझी, कुनाकुनाम्होरं बसू?"

आत कुठल्यातरी यंत्राचा आवाज चालू होता.

"पाचव्या दिशी मी ग्येलो, तर त्येचा गडी सुई भरत हुता. मी बगत हुबा ऱ्हायलो. माझी म्हस न्हवं ती आता, काय बोलनार? टोचली. डोळं ताठ करून हुबी ऱ्हायली, हलली बी न्हाय. दूध सुटलं भसाभसा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी लिवलं हुतं तस्संच झालं बगा, मास्तर. काय बी चुकलं न्हाय. मानूस तेवढा दुसरा."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. जोतीराम उठला आणि फाटक उघडायला गेला.